काट्याची उलटतपासणी

गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा भलतीकडे गेला की माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. काटा लाल रेघेला टेकला म्हणजे इंजिन संपले, असे समजून तो इंजिन खोलायला बसतो. दुसरा पक्ष काचेवर दोन टिचक्या मारतो, ‘मीटर गेला’ असा निकाल देतो आणि गाडी तशीच पुढे दामटतो. पहिला पक्ष भित्रा आणि दुसरा धीट, असे वरवर पाहता वाटते. माझे म्हणणे असे की दोघेही सारखेच आळशी आहेत. काटा हा साक्षीदार आहे. साक्षीदार खरे बोलतो की खोटे, हे त्याची उलटतपासणी झाल्यावर ठरवायचे असते. आणि ही उलटतपासणी कशी घ्यावी हे शिकण्यासाठीच तर आपण कलाशाखेत आलो आहोत, असे मला वाटते. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे.

गाड्यांविषयी लिहिण्याचा अधिकार बी. ए. च्या मुलीला कोणी दिला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, म्हणून थोडे सांगते. पिंपळे गुरवला आमचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लाकडी बाकडे आणि भिंतीला टांगलेल्या रंगीबेरंगी वायरींची भेंडोळी. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गाड्यांचे वायरमन आहेत. ते मराठवाड्यातून इकडे आले, त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत झाले आणि पुढचे सारे त्यांनी हाताखाली राहून मिळवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. संध्याकाळी मी गॅरेजचा हिशेब लिहिते आणि गरज पडली तर मल्टिमीटरच्या वायरी धरते. गेल्या वर्षी मी तर्कशास्त्र हा विषय घेतला होता. त्यात जॉन स्टुअर्ट मिल याच्या पद्धती होत्या. आम्ही त्या पाठ केल्या आणि परीक्षेत लिहिल्या. त्या पद्धती माणूस खरोखर वापरतो हे मात्र मी वर्गात पाहिले नाही, आमच्या शेडमध्ये पाहिले.

प्रथम काटा म्हणजे काय ते पाहू. पेट्रोलचा काटा पेट्रोल पाहत नाही आणि टेंपरेचरच्या काट्याला उष्णता लागत नाही. टाकीत एक फ्लोट तरंगतो. तो वरखाली झाला की त्याला जोडलेला विजेचा अडथळा कमीजास्त होतो. इंजिनच्या पाण्यात बसवलेल्या सेन्सरचा अडथळा पाणी तापेल तसा घटतो. अडथळा कमी झाला की प्रवाह वाढतो आणि काटा वर चढतो. काट्याला कळते ते एवढेच, की आपल्यातून किती प्रवाह गेला. मध्ये वायर आहे, जोड आहेत, फ्यूज आहे आणि शेवटी गाडीच्या पत्र्याला मिळालेले अर्थिंग आहे. यांतल्या एकाही दुव्याने दगा दिला तरी काटा प्रामाणिकपणे चुकीचे सांगतो. खेड्यातली बातमी चार तोंडांतून आपल्यापर्यंत पोचते, तसाच हा प्रकार. शेवटच्या माणसाला खोटारडा म्हणण्यात काय अर्थ आहे?

उभी राहिलेली गाडी हे दुवे फार लवकर बिघडवते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि हजारो गाड्या महिनोन्‌महिने जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्यांत न चालल्यामुळे बिघडलेल्या गाड्याच जास्त होत्या. बॅटरी उतरते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पावसाळ्यातली दमट हवा वायरींच्या टोकांत शिरते, तांब्याला हिरवा कळंक चढतो आणि अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज धरतो. शिळे झालेले पेट्रोल चिकट होते आणि फ्लोटचा सांधा त्यात अडकतो. उंदरांना वायरीचे वेष्टन फार आवडते. पिंपळे गुरवसारख्या पवनाकाठच्या वस्तीत तर ओल आणि उंदीर या दोहोंचीही वाण नाही.

आता एका गाडीची हकीकत सांगते, कारण माझा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ती ट्रायम्फ कंपनीची ‘स्पिटफायर’ होती, सत्तरच्या दशकातली, दोन आसनांची आणि उघड्या टपाची. ही गाडी इंग्लंडमध्ये १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती. तिचा सांगाडा ट्रायम्फच्या ‘हेराल्ड’वरून घेतलेला आहे आणि हीच हेराल्ड आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून तयार होत असे. त्यामुळे जुन्या मिस्त्रींना तिचे अंतरंग अगदीच परके नसते. आपल्या देशात स्पोर्ट्स गाड्या बनल्याच थोड्या. सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी गाडी गोव्यात तयार होत असे, तीही आता बंद झाली आहे. अशा गाड्यांचा मीटर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, म्हणून तो बदलण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

गाडीचे मालक काही वर्षे परगावी होते आणि गाडी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. परतल्यावर त्यांनी नवी बॅटरी घातली, टाकीतले शिळे पेट्रोल काढून पाच लिटर ताजे भरले आणि गाडी सुरूही झाली. पण पेट्रोलचा काटा ‘फुल’च्याही पलीकडे जाऊन बसला आणि टेंपरेचरचा काटा पाचसात मिनिटांतच लाल रेघेकडे निघाला. त्यांना दोन सल्ले मिळाले होते. एकाने सांगितले की दोन्ही मीटर इंग्लंडहून मागवा. दुसऱ्याने सांगितले की इंजिनचे हेड उतरवा, गॅस्केट गेले आहे. म्हणजे मी आरंभी सांगितलेले दोन्ही पक्ष हजर होते.

अण्णांनी आधी बाहेरून रेडिएटरच्या नळीवर हात ठेवला. नळी कोमट होती. हात हा दुसरा साक्षीदार, आणि त्याची साक्ष पहिल्याशी जुळेना. मग ते बाकड्यावर बसले आणि मला म्हणाले, “पोरी, दोन काटे एका दिवशी कसे बिघडतील? दोघांचं घर एकच असणार.” स्पीडोमीटर ठीक होता, पण तो केबलवर चालतो. त्याचा विजेशी संबंध नाही, तेव्हा त्याची साक्ष इथे उपयोगाची नव्हती. बिघडलेले दोन काटे मात्र एका जागी एकत्र येतात. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत डॅशबोर्डच्या मागे स्टॅबिलायझर नावाची एक छोटी डबी असते. बॅटरीचे बारा व्होल्ट कमीजास्त होत असतात. ही डबी वीज क्षणाक्षणाला जोडते आणि तोडते, त्यामुळे काट्यांना सरासरी दहा व्होल्ट मिळतात. निरनिराळ्या उदाहरणांत जी एक गोष्ट समान आढळते तिच्यावर कारणाचा संशय घ्यावा, यालाच आमच्या पुस्तकात अन्वय पद्धती म्हटले आहे.

मग अण्णांनी मला एक्सिलरेटर दाबायला सांगितला. इंजिनचा वेग वाढला, चार्जिंग चौदा व्होल्टच्या जवळ गेले आणि मिनिटभरात दोन्ही काटे आणखी वर सरकले. वेग कमी केला, काटे खाली आले. आता एक्सिलरेटर दाबल्याने टाकीतले पेट्रोल वाढते असे अजून तरी कोणी सिद्ध केलेले नाही! तेव्हा काटे पेट्रोल किंवा उष्णता सांगत नव्हते, चार्जिंग सांगत होते. एक गोष्ट बदलेल तशी दुसरी बदलते, त्याअर्थी त्यांचा काही संबंध असला पाहिजे, ही मिलची सहपरिवर्तन पद्धती.

त्यानंतर टेस्ट लॅम्प आला. डबी धडधाकट असेल तर तिच्या पुढच्या टोकाला लावलेला दिवा लुकलुकतो, कारण डबी वीज तोडत जोडत असते. इथे दिवा एकसारखा जळत राहिला. म्हणजे डबी वीज तोडतच नव्हती. डबी मोडली होती का? तसेही नव्हते. तिला आपले काम करायला गाडीच्या पत्र्याचे अर्थिंग लागते, आणि जिथे ती स्क्रूने बसवली होती तिथे गंज चढला होता. अर्थिंग तुटले की तिच्या आतली पट्टी तापत नाही, जोड सुटत नाही आणि बॅटरीचा सगळा जोर काट्यांवर येतो. अण्णांनी बॅटरीची वायर काढली, स्क्रू काढला, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली आणि डबी पुन्हा बसवली. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. बॅटरी जोडली, तेव्हा दिवा लुकलुकू लागला. टेंपरेचरचा काटा मधोमध येऊन थांबला आणि एक्सिलरेटर दाबूनही हलला नाही. बाकी सारे तेच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम बदलला तर कारण सापडले असे समजावे, ही व्यतिरेक पद्धती.

गोष्ट इथे संपली नाही, आणि मला तिचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेट्रोलचा काटाही खाली आला, पण पाऊण टाकीवर अडला. टाकीत होते पाच लिटर. दुसरा एखादा असता तर एवढ्यावर समाधान मानून मोकळा झाला असता. अण्णा म्हणाले, “एक चोर सापडला म्हणून दुसरा नाही असं नसतं.” जेवढे कारण कळले त्याचा परिणाम वजा करावा आणि जे उरेल त्याचे कारण वेगळे शोधावे. ही अवशेष पद्धती. त्यांनी फ्लोटची वायर सुटी केली. काटा सावकाश ‘एम्प्टी’वर गेला, म्हणजे मीटर निर्दोष होता. मग गाडी उघड्यावर ढकलून नेली, बॅटरी सोडली, आसपास विडीकाडी पेटवू नका म्हणून सर्वांना बजावले, टाकी रिकामी केली आणि फ्लोट बाहेर काढला. शिळ्या पेट्रोलच्या चिकट थराने त्याचा दांडा पाऊण उंचीवरच धरून ठेवला होता. तो साफ करून बसवला आणि दोन्ही काटे खरे बोलू लागले.

मिलचा ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’ हा ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध झाला. अण्णांनी त्याचे नावही ऐकलेले नाही. पण त्यातल्या पाच पद्धतींपैकी चार त्यांनी एका दुपारी माझ्यासमोर वापरल्या. पाचवी ही पहिल्या दोघींची जोडी आहे. दोन काटे बिघडले तेव्हा अर्थिंग खराब होते आणि अर्थिंग सुधारल्यावर काटे सुधारले, असे दोन्ही बाजूंनी पाहिले की तीही त्यात आलीच.

कोणी म्हणेल, हे सारे जुन्या गाड्यांपुरते झाले. आता स्कॅनर आले आहेत. गाडीला वायर जोडायची की पडद्यावर दोषाचा नंबर येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि स्कॅनरवाचून काम अवघड झाले, हे मी नाकारत नाही. आमच्या शेडमध्येही एक लहान स्कॅनर आहे. परंतु पडद्यावरचा नंबर हाही शेवटी एक काटाच आहे. कोणत्या सर्किटमधले आकडे विचित्र आहेत हे तो सांगतो, ते विचित्र का झाले हे सांगत नाही. एक अर्थिंग सैल झाले की पाचसहा नंबर एकदम झळकतात, आणि नंबर दिसेल तो सेन्सर बदलत सुटणारा माणूस पाचसहा सेन्सरचे पैसे वाया घालवतो. साधने बदलली म्हणून उलटतपासणीची गरज संपलेली नाही.

कोणी याच्या उलटही म्हणेल, की प्रत्येक साक्ष अशी तपासत बसलो तर काम कधी होणार? हा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. त्याला गॅरेजनेच उत्तर दिलेले आहे. ऑइलचा लाल दिवा चालू गाडीत पेटला तर आधी इंजिन बंद करायचे आणि मग दिवा खोटा आहे का ते पाहायचे. दिवा खोटा निघाला तर दहा मिनिटे गेली. तो खरा असताना खोटा मानला, तर बेअरिंगे जळतात आणि इंजिन जाते. पेट्रोलच्या काट्याबद्दल एवढी घाई लागत नाही. म्हणजे कोणत्या चुकीची किंमत अधिक, ते पाहून आधी कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायचे. मीटर खराब आहे असे गृहीत धरून तापलेली गाडी चालवणारा आणि काटा वर गेला म्हणून थंड इंजिन खोलणारा, या दोघांनीही हा हिशेब केलेला नसतो.

आता मुद्द्याचे बोलते. त्या दिवशी काम संपल्यावर मालकांनी विचारले, “मिस्त्री, बदललं काय काय?” काहीच बदललेले नव्हते. एक स्क्रू घासला होता आणि एक दांडा धुतला होता. मजुरीचा आकडा ऐकून ते म्हणाले, “एवढ्याचे एवढे?” ते गृहस्थ सज्जन आहेत आणि पैसे त्यांनी दिले. पण दोन मीटर मागवले असते तर त्यांनी कितीतरी अधिक पैसे काही न विचारता दिले असते. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. डॉक्टरने नाडी पाहून ‘काही नाही, आराम करा’ म्हटले तर आपण फी देतो, कारण त्याच्या भिंतीवर पदवी टांगलेली असते. अण्णांच्या भिंतीवर वायरी टांगलेल्या आहेत. परिणाम असा होतो की हुशार मिस्त्रीसुद्धा हळूहळू निदान करणे सोडतो आणि सुटे भाग बदलायला लागतो, कारण पैसे त्यातच सुटतात. त्याला दोष देण्यापूर्वी आपण गिऱ्हाईक म्हणून त्याला कशाची सवय लावली, ते पाहिले पाहिजे.

आणि यात आपल्या कॉलेजचा संबंध येतो. आपण कुठे शिकतो ते पाहा. एका बाजूला दापोडीची एस. टी. ची मध्यवर्ती कार्यशाळा, दुसरीकडे पिंपरीचा टाटा मोटर्सचा कारखाना, ज्याला जुनी माणसे अजून टेल्को म्हणतात, पलीकडे आकुर्डी आणि मग चाकणचा सारा पट्टा. आपल्यातल्या निम्म्या मुलामुलींच्या घरी कोणी ना कोणी पान्हा, वेल्डिंग किंवा लेथ यांवर पोट भरतो. तरीही कलाशाखेत पाऊल टाकले की आपण समजतो, ते आपले क्षेत्र नव्हे. तर्कशास्त्राच्या पेपरात उदाहरण द्या म्हटले की गाईडमधलेच उदाहरण आम्ही उतरवतो. आम्हाला नावे येतात, काम येत नाही. अण्णांना काम येते, पण त्यांच्या कामाला नाव आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मी त्यांना अवशेष पद्धतीचे नाव सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “याला शास्त्र म्हणतात होय? मला वाटलं सवय.” मला त्या हसण्याचे वाईटही वाटले. तीस वर्षे जो माणूस शास्त्र वापरतो, त्याला आपण अडाणी म्हणवून घ्यायची सवय लावली आहे.

म्हणून प्राध्यापकांना माझी एक नम्र सूचना आहे. तर्कशास्त्राच्या वर्गाचा एक तास वर्षातून दोनदा तरी गॅरेजमध्ये किंवा कार्यशाळेत घ्यावा. मिस्त्रीने दोष शोधावा आणि विद्यार्थ्यांनी कोणती पद्धत कुठे आली ते टिपून घ्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनाही एक विनंती. आपापल्या घरातल्या कामाचे एक निदान, एकच, मराठीत नीट लिहून काढा. काय दिसले, काय संशय आला, काय तपासले, काय उरले. कविता आणि प्रवासवर्णने या अंकात जरूर यावीत, पण त्यांच्या शेजारी अशी दोनचार पानेही यावीत. हे ज्ञान तोंडी आहे, आणि ते ज्यांच्या हातांत आहे त्यांची मुले आता शेडमध्ये बसत नाहीत, आपल्यासारखी वर्गात बसतात. आपण लिहिले नाही तर ते त्यांच्याबरोबर जाईल.

वर्तमानपत्रातली बातमी, मोबाइलवर आलेला निरोप, निवडणुकीतले आकडे, परीक्षेतले गुण हे सारे कुठल्या ना कुठल्या डॅशबोर्डवरचे काटेच आहेत. ते कशाला जोडलेले आहेत, मधे कोणते दुवे आहेत, दोन काटे एकदम हलले तर त्यांचे घर एकच आहे का, हे विचारण्याची सवय पदवीबरोबर मिळाली पाहिजे. ती मिळत नसेल तर आपण काय शिकलो, याचा विचार विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून करावा.